खोडलेलं वाचता आलं पाहिजे

ओंकार, सई,

गेल्या आठवड्यात मी तुम्हाला वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा फोटो पाठवला, तेव्हा तुम्ही दोघांनी हात जोडलेली चित्रं पाठवलीत. ओंकारने तर दोन. वार्तेत लिहिलं होतं की आपल्या नांदेडच्या घराच्या माडीवर अकरा वर्षं राहिलेले भाऊसाहेब ‘शांत, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीचे’ होते. ही वार्ता त्यांच्या हदगावच्या पुतण्याने दिली. पुतण्या चांगला आहे, पण काकांना वर्षातून एकदा भेटायचा, तेही उभ्या उभ्या. एका ओळीत तीन चुका हे भाऊसाहेबांनी कोणाला माफ केलं नसतं. ते शांत नव्हते. मनमिळाऊ मुळीच नव्हते. देवळात जात, पण तिथल्या आरतीच्या जुन्या वेळांची पाटी दुरुस्त करायला. माणूस गेला की महिन्याभरात त्याचा पाक होतो, नुसता गोड. तो व्हायच्या आत मला लिहून टाकायचं आहे. नाव मात्र लिहिणार नाही. शेऱ्याखाली तारीख टाकावी, नाव टाकू नये, असं ते म्हणत.

ते मूळचे अहमदपूरचे. महसूल खात्यात अव्वल कारकून होते आणि तिथूनच निवृत्त झाले. कचेरीतल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात त्यांचं विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते त्यांचं एक काम. सरकारी नियमांची जाडजूड पुस्तकं असतात. नियम बदलला की नवं पुस्तक येत नाही, एक चिठोरं येतं. त्याला शुद्धिपत्रक म्हणतात. कारकुनाने जुन्या नियमावर लाल शाईची एक रेघ मारायची, बाजूला तारीख टाकायची आणि शुद्धिपत्रक डिंकाने चिकटवायचं. बहुतेक कचेऱ्यांत ही चिठोरी कपाटाखाली उंदरांच्या ताब्यात जातात. भाऊसाहेबांनी नोकरीभर एकही सोडलं नाही. त्यांच्या टेबलावरची पुस्तकं फुगून मिटेनाशी झाली, तेव्हा ते त्यांवर विटा ठेवू लागले. रेघ एकच मारायची, आणि खालचं अक्षर वाचता येईल अशी मारायची, हा त्यांचा धर्म. वार्तेतल्या ‘धार्मिक’ला एवढाच काय तो आधार.

खिशात दोन पेनं असत, निळं आणि लाल. लाल गळायचं. त्यामुळे छातीवर कायम एक तांबडा डाग असे, आणि नवखा माणूस दचकून विचारायचा, ‘काय झालं हो?’

माझं स्वयंपाकघर तुम्ही पाहिलेलं आहे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं अक्षर. शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईचं अक्षर आहे ते. त्याला कोणी बोट लावलेलं नव्हतं. राहायला आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब चहाला खाली आले. मी दूध आणायला फाटकापर्यंत गेले आणि परत येते तो हे ओट्यापाशी उभे. ‘साखर’ या चिठ्ठीवर लाल रेघ, शेजारी बारीक अक्षरात ‘रवा’, आणि तारीख.

‘हे काय?’ मी म्हटलं.

‘बाई, आत रवा हाय.’

‘मला माहीत आहे आत रवा आहे. साखर मोठ्या डब्यात गेली.’

‘तुम्हाला माहीत हाय. डब्याला माहीत न्हाई.’

‘मग चिठ्ठी बदलायची होती. रेघ कशाला मारलीत?’

‘मागं इथं साखर होती, हे बी कळलं पाहिजे की.’

तुमचे आजोबा बाहेर पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, ‘भाऊसाहेब, आमच्या दारावरच्या पाटीकडे बघू नका.’ पाटीवर तुमच्या पणजोबांचं नाव होतं आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. व्हायचं तेच झालं. आठवड्याभरात सासऱ्यांच्या नावावर लाल रेघ आली. आजोबा चार दिवस चिडून होते आणि पोस्टमन मात्र खूष.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस कॉम्प्युटरकडे कसा वळला. तर त्याला कारण त्यांची धाकटी बहीण, शकुंतला. ती जन्मांध. लातूरला अंध मुलींच्या शाळेत शिकवायची. शाळेत ब्रेलचे ठिपके उठवणारं एक छपाईयंत्र होतं, कुणीतरी परदेशातून वापरून झाल्यावर दान दिलेलं. ते चालू झालं की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. साधा मजकूर ठिपक्यांत बदलून या यंत्राला देणारा एक प्रोग्रॅम होता. तो फुकट होता, आणि त्याची आतली सगळी लिखावट जगात कोणालाही वाचता यावी, सुधारता यावी अशी उघडी ठेवलेली होती. निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी वीसेक वर्षं ठिगळं लावत तो चालता ठेवला होता.

निवृत्त झाल्यावर भाऊसाहेब शाळेत गेले असताना त्यांनी सहज ती लिखावट उघडून पाहिली. प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये लिहिणाऱ्यांनी एकमेकांसाठी टिपा लिहून ठेवलेल्या असतात. यंत्र त्या वाचत नाही, माणसांसाठीच असतात. ओंकार त्यांना कॉमेंट म्हणतो. भाऊसाहेब शेरे म्हणायचे. प्रोग्रॅम बदलत जातो आणि शेरे जिथल्या तिथे राहतात, तेव्हा थोड्याच वर्षांत शेरा सांगतो एक आणि खालचं काम चालतं दुसरंच. भाऊसाहेबांनी पहिलं पान वाचलं, आणि मला वाटतं, बालपणी हरवलेलं गाव सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला असेल. एवढे रद्द झालेले शेरे, आणि एकावरही रेघ नाही.

नांदेडला एका झेरॉक्सच्या दुकानामागे शिकवणी होती. तिथे कॉलेजातल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून ते आठ महिने प्रोग्रॅम वाचायला शिकले. लिहायला शिकले नाहीत. ‘लिहिणारे लई हायत,’ म्हणायचे. मग एका जुन्या लॅपटॉपवर रोज सकाळी आंघोळ करून, नऊ वाजता, कचेरीत बसावं तसे बसत. बाराला जेवण, पाचला बंद.

शेरे इंग्रजीत असत, म्हणून मी यात ओढली गेले. त्यांचं इंग्रजी कचेरीचं. पहिला मसुदा घेऊन ते आले तो मी अजून विसरले नाही. ‘उपरोक्त शेरा ओळ दोनशे बारामधील बदलान्वये अंमलात नसून तो रद्द समजण्यात यावा ही नम्र विनंती’, हे सगळं त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, एका वाक्यात, तीन वेळा ‘काइंडली’ घालून. मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, इथे विनंती कोणाला करताय?’ ते म्हणाले, ‘जो वाचंल त्याला.’ एक काइंडली मी तसाच राहू दिला.

एके ठिकाणी कोणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘हे तात्पुरतं आहे, पुढच्या आठवड्यात काढतो.’ शेरा सोळा वर्षांचा होता. भाऊसाहेबांनी त्या माणसाचा पत्ता शोधून त्याला पत्र लिहिलं, की आपण नमूद केलेला आठवडा कोणता? उत्तर आलं की त्याने हे क्षेत्र कधीच सोडलं, आता तो मधमाश्या पाळतो. दुसऱ्या एका शेऱ्यात होतं, ‘हे का चालतं मला कळत नाही, पण हात लावू नका.’ त्याखाली भाऊसाहेबांनी चार दिवस घालवून लिहिलं, ‘पुन्हा तपासले. अजूनही कळत नाही.’ आणि तारीख.

आजोबा त्यांना छेडायचे. ‘यंत्र वाचत नाही, माणसं वाचत नाहीत. मग हे चाललंय कोणासाठी?’

‘दफ्तरासाठी,’ भाऊसाहेब म्हणाले.

ओंकार, तू दिवाळीत आला होतास तेव्हा तूही त्यांना म्हणालास, ‘काका, तुम्ही चारशे बदल केलेत आणि प्रोग्रॅम आहे तसाच चालतो, काडीचा फरक नाही.’ तुला वाटलं तू त्यांना टोमणा मारलास. त्यांचा चेहरा खुलला. ‘हाव,’ म्हणाले, ‘म्हंजे काम बरोबर झालं.’

चारशे पाठवले होते, हे खरं. स्वीकारले गेले होते त्यातले फार थोडे. कारण ती रेघ. प्रोग्रॅमवाल्यांची रीत अशी की जुनी टीप चुकीची झाली तर ती काढून टाकायची आणि नवी लिहायची. भाऊसाहेब जुनी काढत नसत. तिच्या प्रत्येक ओळीवर आडव्या रेघांची रांग घालत, ‘रद्द’ असं लिहीत, आणि खाली नवी लिहीत. पानं फुगत चालली. प्रोग्रॅमची देखरेख करणारा मुख्य माणूस कुठल्याशा थंड देशात राहायचा. भाऊसाहेब त्याला अर्थातच साहेब म्हणत. या साहेबाने आधी समजावलं, मग विनवलं, मग कळवलं की आपले शेरे अचूक असतात पण त्यांचा हा अवतार आम्हाला झेपत नाही. यापुढे असे आले तर मी उघडणार नाही.

मी भाऊसाहेबांना म्हटलं, ‘जुनं सगळं त्यांच्याकडे बदलांच्या इतिहासात जपून ठेवलेलं असतं. ओंकारने सांगितलंय मला.’

‘इतिहास दुसऱ्या कपाटात असतो, बाई. त्याची किल्ली मागावी लागती. शेरा समोर पाहिजे.’

मग त्यांनी मला ब्लेडची गोष्ट सांगितली. तरुणपणी एका जमिनीच्या नोंदीवर त्यांनी हरकतीचा शेरा लिहिला होता. कोणीतरी तो ब्लेडने खरवडून त्या जागी ‘हरकत नाही’ असं लिहिलं, अक्षर जुळवून. चौकशी लागली तेव्हा त्यांनी मूळ काय लिहिलं होतं ते दाखवायला काहीच उरलं नव्हतं. आठ महिने निलंबित होते. त्या आठ महिन्यांत ठरलेलं लग्न मोडलं आणि पुन्हा ठरलं नाही. हे त्यांनी चहा फुंकत सांगितलं. ‘तवापासून,’ म्हणाले, ‘पुसणाऱ्याचा मला लई राग येतो.’

मला हे सगळं पटलं होतं. तरी पुढे एका माघ महिन्यात मी त्यांच्याशी भांडले, ते असं.

साहेबाने जाहीर केलं की येत्या शनिवारी नवी आवृत्ती निघताना जुना केरकचरा काढून टाकणार. त्या यादीत एकशे चाळीस ओळींचा एक भाग होता. त्याच्या डोक्यावर शेरा होता, ‘एका जुन्या छपाईयंत्रासाठी तात्पुरती सोय. आता कोणी वापरत नाही. सवडीने काढावे.’ ते जुनं यंत्र म्हणजे लातूरचंच. त्याच ओळींच्या जोरावर ते रोज चालत होतं. इतके दिवस शाळा जुन्या आवृत्तीवर भागवत होती, पण जुना कॉम्प्युटर बसला होता आणि दान मिळालेल्या नव्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती चालत नव्हती. दहावीच्या मुलींची सरावाची पुस्तकं छापायची राहिली होती. शनिवारी तो भाग निघाला की पुस्तकं छापता येणार नव्हती.

भाऊसाहेबांनी लगेच शेरा दुरुस्त करून पाठवला. रेघांसकट. साहेबाने शब्द पाळला, तो उघडला नाही. यांनी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं स्मरणपत्र, पहिल्याचा संदर्भ देऊन.

‘रेघा काढा आणि पाठवा,’ मी म्हटलं. ‘चार ओळींचं काम आहे.’

‘न्हाई.’

‘मुलींची पुस्तकं अडलीत.’

‘मला कळून राहिलंय बाई ते. पण त्या साहेबानं वीस वर्षांमागं खोटं लिहिलं, “कोणी वापरत नाही” म्हणून. विचारलंतं का लातूरला? ते पुसून टाकलं तर खोटं लिहिलंच न्हाई असं होतं.’

बुधवार उजाडला. गुरुवारी दुपारी फाटक वाजलं. शकुंतला, एकटी, हातात पांढरी काठी, खांद्याला पिशवी. लातूरहून बसने आली होती, अहमदपूरला गाडी पंक्चर झाली म्हणून घामाघूम.

‘दादा कुठाय?’

‘वर आहेत. तिसरं स्मरणपत्र लिहिताहेत.’

‘खाली बोलवा. मी जिना चढणार न्हाई. उतरू द्या त्याला, जरा उतरायची सवय बी होईल.’

भाऊसाहेब खाली आले. तिने पिशवीतून ब्रेलचे दोन जाड कागद काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले. एक नेहमीच्या आवृत्तीतला. दुसरा साहेबाने चाचणीसाठी दिलेल्या नव्या आवृत्तीतला, तो भाग काढून टाकलेला.

‘वाच,’ ती म्हणाली.

‘शके, मला कुठं येतंय ते.’

‘साठ वर्षं माझा भाऊ हायस. जगाचे शेरे वाचतोस, बहिणीची लिपी तुला आली न्हाई. बरं, बोट दे.’ तिने त्यांचं बोट धरून दुसऱ्या कागदावर फिरवलं. ‘ओळीवर ओळ चढली हाय. गोधडी झाली नुसती. काय वाचतील पोरी?’

‘मी पाठवलाय शेरा. ते उघडूनच न्हाई राहिले.’

‘रेघा मारून पाठवलास ना? बाईंनी सांगितलं मला फोनवर.’ (हो, मी सांगितलं होतं. चुगली केली म्हणा.) ‘आमच्यात चूक झाली तर कशी दुरुस्त करतात, ठाऊक हाय का तुला?’

जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल हा प्रश्न विचारलेल्या माणसाने हा एक विचारलेला नव्हता. ‘न्हाई,’ ते म्हणाले.

तिने पहिल्या कागदावरचा एक शब्द शोधला, त्यावर त्यांचं बोट टेकवलं. मग बोट बाजूला करून अंगठ्याच्या नखाने एकेक ठिपका दाबून सपाट केला आणि बोट पुन्हा तिथे ठेवलं.

‘काय लागतंय?’

‘कायबी न्हाई.’

‘झाली दुरुस्ती. वर दुसरं लिहायचं. खालचं तसंच ठेवलं तर बोटाला दोन शब्द एकदम लागतात अन् पोरगी अडखळती. आमच्यात खोडलेलं वाचता येऊ द्यायचं नसतं. आता माझ्या पोरी काय लबाड झाल्या?’

भाऊसाहेबांचं बोट त्या सपाट जागेवरच होतं.

‘पण ते खोटं…’ त्यांनी सुरुवात केली.

‘खोटं हाय, कळलं. काय करतोस मग, त्या साहेबाला फाशी देतोस? ब्लेड चालवलं कुणी, तुझं नुकसान केलं कुणी, अन् शिक्षा माझ्या दहावीच्या पोरींना?’

मी चहा टाकायला उठले. दुसरं काही सुचलं नाही. परत आले तेव्हा त्यांनी लॅपटॉप टेबलावर आणला होता. ‘बाई, सांगा तुमचं इंग्रजी,’ म्हणाले.

मी दोन वाक्यं सांगितली. हा भाग लातूरच्या अंध मुलींच्या शाळेत रोज वापरात आहे. काढण्यापूर्वी तिथे विचारावे. त्यांनी ती टंकली, काइंडली न घालता. वर जुना शेरा होता, अजून जसाच्या तसा. त्यांनी कर्सर त्याच्या शेवटाला नेऊन ठेवला आणि हात मांडीवर घेतला.

‘तुम्ही पुसा,’ म्हणाले. ‘माझा हात त्या कामाला झालेला न्हाई.’

मी पुसलं. शकुंतला चहा पीत होती. तिने विचारलं, ‘गेलं का?’ मी म्हटलं, गेलं.

भाऊसाहेबांचं पत्र साहेब उघडत नसे म्हणून ते माझ्या नावाने पाठवलं. पाव तासात उत्तर आलं. त्याने आभार मानले होते, तो भाग ठेवतो असं कळवलं होतं, आणि नव्या सहकाऱ्याचं मनापासून स्वागत केलं होतं; इतकं नेटकं लिहिणारं माणूस बऱ्याच दिवसांनी मिळालं, असंही. शकुंतलेने ‘झालं’ म्हणून काठी उचलली. भाऊसाहेबांनी उत्तर दोनदा वाचलं.

‘चारशे पाठवले मी,’ ते म्हणाले. ‘मला एकदाबी वेलकम म्हटला न्हाई.’

शनिवारी नवी आवृत्ती आली, सोमवारी लातूरला यंत्र धडधडायला लागलं. पुढचे अकरा दिवस भाऊसाहेब चहाला खाली आले नाहीत. बाराव्या दिवशी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘बाई, तुमच्या त्या शेऱ्याला तारीख न्हाई.’

‘राहिली,’ मी म्हटलं.

‘बिनतारखेचा शेरा म्हंजे बेवारस. कधीचा खरा, कुणाला कळावं?’ पण दुरुस्ती पाठवा म्हणाले नाहीत. माझ्या नावावरचं होतं ते. दुसऱ्याच्या टेबलावरच्या फायलीला हात लावायचा नाही, हाही त्यांचा एक नियम होता. माझे डबे त्यात येत नसावेत.

त्यानंतरही त्यांनी रेघा मारणं सोडलं नाही. साहेबानेही न उघडणं सोडलं नाही. एकमेकांची सवय झाली होती दोघांना.

दोन वर्षांपूर्वी शकुंतलेचा फोन आला. ‘बाई, मशीन मेली. आता तिचे भाग बी मिळत न्हाईत. नवी आलीय, लई चांगली हाय, आवाजच न्हाई तिला. दादाला सांगू नका. तो लगेच शेरा बदलायला बसंल, अन् डॉक्टरांनी त्याला बसू नको म्हटलंय.’

मी सांगितलं नाही. तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हृदयाने ऑपरेशनला परवानगी दिली नव्हती. सकाळी नऊला ते मला हाक मारत. मी माडीवर जाऊन लॅपटॉप उघडायची आणि त्यांना शेरे वाचून दाखवायची. ते तोंडाने रेघा मारायचे. ‘रद्द. पुढचा.’ लातूरच्या त्या दोन ओळी आल्या की मी त्याही वाचायची, सरळ आवाजात. वर्गात तेहतीस वर्षं काढल्यावर एवढं येतं. ते ऐकून घेत, मान हलवत आणि म्हणत, ‘हा बरोबर हाय. पुढचा.’ गेल्या महिन्यातही म्हणाले होते.

काल सकाळी मी ते पान उघडलं. सगळं जागेवर आहे, एकशे चाळीस ओळी आणि त्यांच्या डोक्यावरची दोन वाक्यं. पहिलं वाक्य आता खरं नाही. साहेबाला मी काही कळवलेलं नाही. दोन्ही वाक्यं तिथे आहेत.